आखडलेल्या अंथरुणाचे अर्थशास्त्र

'अंथरूण पाहून पाय पसरावेत' ही म्हण आपण शाळेत कल्पनाविस्तारासाठी लिहितो, दहापैकी सात गुण मिळवतो आणि विसरून जातो. या म्हणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती म्हणजे अंथरुणाची लांबी कायम राहते. माणसाने एकदा ते पाहावे, त्या मापाने पाय पसरावेत आणि स्वस्थ झोपी जावे. परंतु माणूस झोपलेला असतानाच अंथरूण आखडू लागले तर त्याने काय करावे, याचे उत्तर म्हणीत नाही. आपल्या भागातल्या अनेक घरांपुढे नेमका हाच प्रश्न गेली काही वर्षे उभा आहे, म्हणून त्याविषयी थोडे तपशिलाने लिहीत आहे.

रसायनी हे नाव जुन्या बखरीत सापडणार नाही. पाताळगंगेच्या काठची मोहोपाडा, वासांबे, आपटे, गुळसुंदे ही गावे जुनी. रसायनी हे नाव मात्र रसायनांच्या कारखान्यांनी आणले. खोपोलीच्या जलविद्युत केंद्रात वीज तयार करून सोडलेले पाणी पाताळगंगेत उन्हाळ्यातही वाहते, आणि मुंबई फारशी लांब नाही. १९६० च्या डिसेंबरात केंद्र सरकारने हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही कंपनी स्थापन केली आणि तिचा पहिला कारखाना येथे उभा राहिला. पुढे हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्सचा कारखाना आला, पाताळगंगेची औद्योगिक वसाहत झाली, खासगी कारखाने आले. खालापूर-कर्जतच्या शेतकऱ्याच्या घरात पहिल्यांदा महिन्याच्या महिन्याला पगार येऊ लागला. भाताच्या एका पिकावर वर्ष काढणाऱ्या घराला दरमहा ठरावीक तारखेला येणारा पैसा म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिले त्यांनाच कळेल.

एचओसीचा हा पाया हळूहळू खचत गेला. स्वस्त परदेशी माल, जुनी यंत्रे, वाढता तोटा ही कारणे सर्वांना ठाऊक आहेत. २०१५ च्या फेब्रुवारीपासून पगार वेळेवर देणे कंपनीला जमेनासे झाले. शेवटी १७ मे २०१७ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनीचे तोट्यातले विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. अग्निबाणाच्या इंधनासाठी लागणारे एक रसायन तयार करणारा विभाग तेवढा 'इस्रो'कडे सोपवायचे ठरले. सुमारे ४४२ एकर जमीन भारत पेट्रोलियमला ६१८ कोटी ८० लाख रुपयांना द्यायची आणि कामगारांना स्वेच्छानिवृत्ती द्यायची, असा तो बेत होता. आकाशात जाणाऱ्या यानाला लागणारे द्रव्य वाचले आणि जमिनीवरचे पगार गेले, असे कोणी म्हटले तर त्याला फार दोष देता येणार नाही.

येथे अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकातला एक भेद उपयोगी पडतो. पैशातील वेतन वेगळे आणि वास्तव वेतन वेगळे. कारखान्याच्या वसाहतीत राहणाऱ्या कुटुंबाला हातात पडणाऱ्या नोटांशिवाय बरेच काही मिळत असते. नाममात्र भाड्याचे क्वार्टर, नळाचे पाणी, दवाखान्यातले औषध, कॅन्टीनमधले स्वस्त जेवण, कामावर नेणारी बस. या गोष्टी पगाराच्या चिठ्ठीवर दिसत नाहीत, म्हणून घरातल्या हिशेबातही दिसत नाहीत. पगार थांबला की माणूस पगाराचा आकडा गेला असे समजतो. पण पुढच्या तीन महिन्यांत त्याला घरभाडे, वीजबिल, डॉक्टरची फी आणि रिक्षाचे पैसे असे चार नवे आकडे भेटतात. म्हणजे उत्पन्न शंभरावरून चाळीसवर आले असे आपण म्हणतो तेव्हा खर्च शंभरावरच थांबलेला नसतो, तो सव्वाशेवर गेलेला असतो. मिळकत आटलेल्या घराने पहिले काम करायचे ते हे, की पूर्वी फुकट किंवा स्वस्त मिळणाऱ्या गोष्टींची किंमत एका कागदावर मांडायची. मांडल्याशिवाय ती दिसत नाही.

जेम्स ड्यूझेनबेरी या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९४९ साली असे मांडले की उत्पन्न वाढते तेव्हा उपभोग चटकन वाढतो, पण उत्पन्न घटते तेव्हा तो तितक्या लवकर खाली येत नाही. माणूस मागच्या चांगल्या दिवसांच्या मापानेच खर्च करत राहतो. त्याला आपल्या मोहोपाड्याच्या बाजारात येण्याची गरज पडली नाही, पण किराणा दुकानाची उधारीची वही त्याने पाहिली असती तर त्याला आपल्या सिद्धान्ताचा पुरावा तिथेच मिळाला असता. पगार बंद झाल्यावरही पहिले सहा महिने त्याच डब्याचे तेल आणि तोच बासमती येतो. लोक उधळे असतात म्हणून असे होते, असे मला वाटत नाही. वीस वर्षे ज्या मानाने शेजाऱ्यांत वावरलो तो मान एका महिन्यात उतरवून ठेवणे कठीण असते. लग्नाच्या आहेराचे पाकीट पातळ करताना बाईच्या मनाला जे लागते ते कुठल्याही निर्देशांकात मोजता येत नाही.

स्वेच्छानिवृत्तीची एकरकमी रक्कम हातात येते तेव्हा ही गोष्ट अधिकच धोक्याची होते. आठ-दहा लाख रुपये एकदम पाहण्याची सवय नसलेल्या घरात ती रक्कम म्हणजे श्रीमंती वाटते. वास्तविक ती उरलेल्या सगळ्या वर्षांचा पगार असते, एका दिवशी दिलेला. दहा लाखांचे उदाहरण घेऊ. पोस्टातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर ८.२ टक्के धरला तर वर्षाला ८२ हजार, म्हणजे दर तिमाहीला २०,५०० रुपये मिळतात. महिन्याला सात हजारांच्या आतच. हाच त्या दहा लाखांचा खरा आकार. ही योजना साठ वर्षांवरील लोकांची असली तरी निवृत्ती पत्करलेल्या माणसाला ५५ व्या वर्षापासून तीत पैसे ठेवता येतात. मात्र निवृत्तीची रक्कम मिळाल्यावर ठरावीक मुदतीतच खाते उघडावे लागते. ती मुदत हुकली तर साठी गाठेपर्यंत थांबावे लागते. मुलाच्या धंद्याला, मुलीच्या लग्नाला आणि गावच्या घराच्या स्लॅबला असे तीन भाग करून रक्कम संपवणारी घरे थोडी नाहीत. लग्न करू नये, घर बांधू नये असे कोण सांगेल? पण आधी महिन्याच्या मिठाची सोय लागावी आणि मग स्लॅबचा विचार व्हावा, इतका क्रम तरी पाळायला हवा.

आता पेन्शनकडे वळू. कारण बहुतेक घरांचा गैरसमज येथेच आहे.

कारखान्यातल्या कामगाराची पेन्शन म्हणजे सरकारी नोकराची पेन्शन नव्हे. १६ नोव्हेंबर १९९५ पासून कर्मचारी निवृत्तिवेतन योजना सुरू झाली. तिच्यापूर्वी १९७१ ची कुटुंब निवृत्तिवेतन योजना होती. नव्या योजनेत कामगाराच्या पगारातून कापलेले बारा टक्के पूर्णपणे त्याच्या भविष्यनिर्वाह निधीत जातात. मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शनकडे वळतात, आणि १.१६ टक्के केंद्र सरकार घालते. पण हे टक्के खऱ्या पगारावर न धरता एका कमाल मर्यादेवर धरतात. ती मर्यादा आधी ५,००० रुपये होती, २००१ च्या जूनपासून ६,५०० झाली आणि १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० झाली. कामगाराचा पगार तीस हजार असो की चाळीस हजार, सर्वसाधारण नियमाने पेन्शनचा हिशेब या मर्यादेवरच होतो. (प्रत्यक्ष पगारावर जास्त पेन्शन घेण्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ४ नोव्हेंबर २०२२ रोजी त्याचा निकाल लागला; तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.)

हिशेबाचे सूत्र सोपे आहे. पेन्शनपात्र पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि सत्तरने भागायचे. समजा, एक कामगार ही योजना सुरू झाली त्याच महिन्यात पाताळगंगेच्या एका कारखान्यात लागला आणि २०१४ च्या ऑगस्टअखेर वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त झाला. सेवा सुमारे पावणेएकोणीस वर्षे, नियमाने ती १९ धरतात. ६,५०० गुणिले १९, भागिले ७०. उत्तर येते १,७६४ रुपये. पन्नाशीनंतर आणि अठ्ठावन्नपूर्वी पेन्शन सुरू केली तर प्रत्येक वर्षामागे सुमारे चार टक्के कपात होते, आणि ती तात्पुरती नसून जन्मभराची असते. कारखाना चोपन्नाव्या वर्षी सुटला आणि नडीमुळे लगेच पेन्शन घेतली, तर जवळजवळ सोळा टक्के गेले. कसेबसे चार वर्षे रेटता आली तर पूर्ण पेन्शन मिळते. थांबावे की घ्यावे, हा हिशेब घराघरात निराळा येईल. पण तो केल्याशिवाय अर्जावर सही करू नये.

या पेन्शनला महागाई भत्ता जोडलेला नाही. सगळ्या दुखण्याचे मूळ येथे आहे. २०१४ च्या सप्टेंबरपासून किमान पेन्शन दरमहा १,००० रुपये ठरली. त्याच्या आदल्या वर्षी भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या समितीने ती किमान ३,००० करावी असे सुचवले होते. एक हजाराचा तो आकडा दहा वर्षे लोटली तरी तसाच होता, आणि त्या काळात ग्राहक किंमत निर्देशांक दीडपटीहून अधिक वाढला. म्हणजे २०१४ मधले हजार रुपये २०२४ मध्ये साडेसहाशेच्याही आत आले. कोणी कपात केली नाही, कोणी आदेश काढला नाही, पासबुकात आकडा तोच आहे. तरी अंथरूण तिसऱ्या हिश्श्याने आखडले. नोकरी जाते तेव्हा घर सावध होते, बैठक भरते, वडीलधारे बोलतात. महागाईने पेन्शन कुरतडली जाते तेव्हा बैठक भरत नाही. बुलढाण्यात २०१८ च्या डिसेंबरपासून या पेन्शनरांनी साखळी उपोषण सुरू केले. ७,५०० रुपये पेन्शन आणि वर महागाई भत्ता ही त्यांची मागणी. सत्तरीतल्या माणसांना मंडपात बसावे लागले, यावरून दुखणे किती जुने आहे ते कळते.

पेन्शन अपुरी पडली तर सरकारच्या निराधार योजना आहेतच, असे पुष्कळजण म्हणतात. त्यांचाही हिशेब करून पाहू.

संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० साली सुरू झाली, बॅरिस्टर अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना. ते आपल्याच जिल्ह्यातले, म्हसळा तालुक्यातल्या आंबेतचे. कुलाब्याचे रायगड झाले तेही त्यांच्याच कारकिर्दीत. ज्याला कोणी नाही त्याला राज्याने महिन्याला काही रक्कम द्यावी, ही कल्पना त्या काळी मोठी होती. पासष्ट वर्षांवरील वृद्धांसाठी पुढे श्रावणबाळ योजना आली. अनुदान ६०० रुपये होते, २०१९ मध्ये ते १,००० झाले आणि २०२३ मध्ये १,५००. ही वाढ चांगलीच आहे. परंतु रक्कम वाढत गेली तशी पात्रतेची रेषा वर गेली नाही. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असावे, नाही तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे, ही अट वर्षानुवर्षे चालत आली.

आता आपल्या वरच्या कामगाराची पेन्शन आठवा. १,७६४ रुपये. वर्षाचे झाले २१,१६८. मर्यादेच्या वर अवघे १६८ रुपये! मुले वेगळी झालेली, शेती नाही, दुसरे उत्पन्न नाही. तरी हा वृद्ध एकशे अडुसष्ट रुपयांनी 'सधन' ठरला आणि वर्षाच्या १८,००० रुपयांच्या अनुदानाला मुकला. त्याच्याहून एक वर्ष कमी सेवा झालेल्या सोबत्याची पेन्शन १,६७१ येते, वर्षाची २०,०५२. तो मर्यादेच्या आत. दोघांनी आपापली मिळकत शेजारी शेजारी मांडली तर ज्याने वर्षभर जास्त घाम गाळला त्याच्या पदरात सुमारे सतरा हजार कमी. उत्पन्न वाढेल तसे अनुदान थोडे थोडे कमी होत गेले तर माणूस उतारावरून चालतो. ते एका रेषेवर एकदम तुटले तर तो कड्यावरून पडतो. आपल्याकडच्या बहुतेक योजना कड्याच्या आहेत, उताराच्या नाहीत.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना २०२४ च्या जुलैत आली तेव्हा आणखी एक गमतीची स्थिती निर्माण झाली; गमतीची म्हणजे ज्याच्यावर वेळ आलेली नाही त्याला गमतीची. या योजनेत २१ ते ६५ वर्षांच्या स्त्रीला दरमहा १,५०० रुपये, आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. म्हणजे मुलाच्या लहानशा पगारावर चालणाऱ्या घरातली चौसष्ट वर्षांची आई पात्र. ती पासष्ट पूर्ण करते आणि योजनेबाहेर जाते. तिने श्रावणबाळकडे जावे म्हटले तर तिथे मर्यादा एकवीस हजारांची. चौसष्टाव्या वर्षी जी गरजू होती ती सहासष्टाव्या वर्षी, कंबर अधिक वाकल्यावर, गरजू राहत नाही! ज्या घरांनी या पैशावर औषधाची सोय लावली आहे त्यांनी आईचे जन्मसाल आधारकार्डावर कोणते आहे ते आजच पाहून ठेवावे. आपल्याकडे पुष्कळ वृद्धांच्या जन्मतारखा अंदाजाने घातलेल्या आहेत आणि तो अंदाज आता पैशाचा प्रश्न झाला आहे.

शेतकरी घरातल्या स्त्रियांना दुसरा अनुभव आला. केंद्राच्या किसान सन्मान निधीचे वर्षाला सहा हजार आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे सहा हजार मिळून महिन्याला हजार रुपये जिच्या नावे जमा होतात, तिला लाडकी बहीणचे पंधराशे न मिळता फरकाचे पाचशेच मिळतात. नियमाला तर्क नाही असे नाही. एका व्यक्तीला सरकारकडून पंधराशेच, हा तो तर्क. पण किसान निधी हा बी-बियाण्याचा पैसा आणि लाडकी बहीणचा पैसा बाईच्या हातखर्चाचा, अशी घराने वाटणी केलेली असते. सरकारच्या वहीत दोन्ही एकाच रकान्यात पडतात.

कातकरी वाड्यांवर तर याहून जुनी गोष्ट आहे. आषाढ-श्रावणात मजुरी नसते तेव्हा आदिवासी घराला धान्य आणि थोडी रोकड देणारी खावटी कर्जाची योजना १९७८ पासून होती. ती २०१३ च्या सुमारास थांबली. कोरोनाच्या साथीत २०२० साली ती अनुदानाच्या रूपात एकदा पुन्हा आली, कुटुंबाला चार हजार रुपये, निम्मे रोख आणि निम्मे वस्तूंत. मधल्या वर्षांत पावसाळा कसा निघाला असेल? ज्याच्याकडे पेन्शन नाही, सोने नाही, त्याच्याकडे एकच वस्तू तारण ठेवण्यासारखी असते, ती म्हणजे पुढच्या हंगामातली स्वतःची मेहनत. वीटभट्टीच्या किंवा कोळशाच्या ठेकेदाराकडून पावसाळ्यात उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर ती फेडायला सगळे बिऱ्हाड घेऊन जायचे. मुलांची शाळा तिथेच सुटते. सरकारी मदत आटली की तूट भरून काढणारा कोणीतरी उभा राहतोच, आणि तो आपले व्याज कोणत्या नाण्यात घेतो ते पाहावे लागते.

हे सगळे असले तरी हातपाय गाळून चालत नाही. काही मार्ग खरोखर उपयोगी पडणारे आहेत आणि आपल्या लोकांना ते ठाऊक नसतात, म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट शिधापत्रिकेची. महाराष्ट्रात १९९९ पासून पिवळी, केशरी आणि पांढरी अशी तीन रंगांची कार्डे झाली. कारखान्यात चांगला पगार असताना ज्यांनी पांढरे किंवा वरच्या उत्पन्नाचे केशरी कार्ड घेतले, त्यांची मिळकत गेली तरी कार्ड तेच राहिले. पगार बुडाल्याचे कार्डाला आपोआप कळत नाही! २०१४ च्या फेब्रुवारीपासून राज्यात अन्नसुरक्षा कायदा लागू झाला. ग्रामीण भागात ४४ हजार आणि शहरी भागात ५९ हजारांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेली केशरी कार्डाची कुटुंबे प्राधान्य गटात धरली गेली. त्यांना माणशी पाच किलो धान्य, आणि २०२३ च्या जानेवारीपासून ते मोफत. चार माणसांच्या घराला वीस किलो धान्य म्हणजे बाजारभावाने सहा-सातशे रुपयांची सोय, एखाद्याच्या पेन्शनच्या निम्मी. त्यासाठी तलाठ्याच्या चौकशीनंतर मिळणारा तहसीलदाराचा उत्पन्नाचा नवा दाखला घ्यावा आणि खालापूरच्या पुरवठा शाखेत अर्ज द्यावा. इष्टांक भरला आहे असे उत्तर मिळू शकते. तरी अर्ज देऊन पोच घ्यावी. इष्टांकात जागा होते तेव्हा ज्याचा अर्ज नाही त्याचे नाव पुढे कसे येणार?

दुसरी गोष्ट दवाखान्याची. मोठे आजारपण हेच घर बुडवते, रोजचा चहा नव्हे. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ च्या जुलैत ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत रायगड होता. पुढे तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले आणि २०२४ पासून सर्व शिधापत्रिकाधारकांना कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत उपचार तीत आले. सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न काहीही असो, आयुष्मान भारत योजनेचे कार्ड २०२४ च्या ऑक्टोबरपासून मिळू लागले. मात्र ही मदत रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या ठरीव उपचारांची आहे. रक्तदाबाची आणि साखरेची रोजची गोळी तीत येत नाही. ती गोळी जनऔषधी केंद्रात त्याच गुणाची आणि बऱ्याच कमी किमतीत मिळते. डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहून मागण्यात संकोच नसावा.

आता घरातला खर्च. एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासून दाखवले की उत्पन्न जितके कमी तितका त्यातला अन्नाचा वाटा मोठा. म्हणून मिळकत घटल्यावर पोटावरचा खर्च सगळ्यात मोठा दिसतो आणि पहिली कात्री तिथेच चालते. दूध अर्धे होते. डाळ पातळ होते. गोळी एक दिवसाआड घेतली जाते. या तिन्ही गोष्टी बहुतेक घरांत एकाच माणसाच्या वाट्याला येतात, आणि ती म्हणजे घरातली स्त्री. तिने न बोलता केलेली ही बचत पुढे दवाखान्यात व्याजासह बाहेर पडते. माझ्या मते कात्री उलट बाजूने लावावी. ज्या खर्चाची तारीख ठरलेली आहे, त्याला आधी हात घालावा: गाडीचा हप्ता, दोन-दोन मोबाइलचे रिचार्ज, भिशी, मुदत न पाहता घेतलेला विमा. विजेचेही तसेच. घरगुती विजेचा दर शंभर युनिटांपर्यंत कमी आणि त्यापुढच्या युनिटांना बराच जास्त असतो. एकशे वीसवरून अठ्ठ्याण्णववर आलेले मीटर बावीस युनिटे वाचवते, आणि त्यांतली वीस महाग असतात.

तूट राहिलीच तर कर्ज कोठून काढायचे, हाही निवडीचा प्रश्न आहे. खासगी सावकाराचे शेकडा दहा म्हणजे महिन्याचे दहा, वर्षाचे एकशेवीस. हे गणित तिसरीतला मुलगा करील, पण गरजेच्या दिवशी ते मोठ्यालाही सुचत नाही. बचत गटातले अंतर्गत कर्ज बहुतेक ठिकाणी महिना दोन टक्क्यांच्या आसपास मिळते, आणि व्याज गटातच राहते. मोहोपाडा-वासांबे परिसरातल्या बायका वर्षानुवर्षे गटात थोडे थोडे पैसे टाकत आल्या आहेत. घरातल्या पुरुषाची 'एवढ्याने काय होणार' ही टीका ऐकत आल्या आहेत. पगार थांबल्यावर त्याच गटाच्या पासबुकाकडे अख्ख्या घराचे लक्ष जाते. असो.

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. तेव्हा मुलांपासून लपवू नये. कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला घरची खरी मिळकत ठाऊक असेल तर तो शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेवर भरतो. त्या अर्जालाही तोच उत्पन्नाचा दाखला लागतो. आपल्या वर्गातले किती विद्यार्थी जुन्या पगाराच्या दाखल्यावर अडून बसले आहेत, याची चौकशी राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकाने एकदा करायला हरकत नाही. वृद्ध पेन्शनरांचे अर्ज भरून देण्याचे कामही आपल्याला सहज करता येईल.

त्यात दोन कामे तातडीची आहेत. ज्यांनी २००८ च्या सप्टेंबरपूर्वी आपल्या पेन्शनचा तिसरा हिस्सा एकरकमी विकून घेतला होता, त्यांना पंधरा वर्षे झाल्यावर पूर्ण पेन्शन परत सुरू करून मिळते; तसा निर्णय २०२० च्या फेब्रुवारीत झाला. १,५०० पैकी ५०० विकून पन्नास हजार घेतलेल्या माणसाला ते पाचशे दरमहा परत मिळू शकतात. जुना पेन्शन आदेश ट्रंकेत असेल तर तो काढून तारीख पाहावी. दुसरे काम हयातीच्या दाखल्याचे. या पेन्शनरांना तो नोव्हेंबरातच दिला पाहिजे असे नाही. वर्षात केव्हाही दिला तरी त्या दिवसापासून बारा महिने चालतो. बोटांचे ठसे झिजलेल्या म्हाताऱ्याला भर गर्दीत बँकेच्या रांगेत उभे करण्यापेक्षा फेब्रुवारीतल्या एखाद्या शांत दिवशी नेलेले बरे. जाताना आधारकार्ड, पेन्शन आदेशाचा क्रमांक, बँकेचे पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाइल बरोबर असावा. आणि तो मोबाइल मुलाच्या नावावर पुण्यात नसून म्हाताऱ्याच्या खिशातच आहे, एवढे निघण्यापूर्वी पाहून घ्यावे.